रग आणि कळ

"आता तळपाय एकमेकांना जुळवा, गुडघे बाजूला सोडा आणि हळूहळू पुढे वाका... पाठीतून नाही हं, हिप्समधून. हिप्स म्हणजे ते... कमरेच्या खाली, बाजूला जे असतं ना, ते..."

इथे माझी गाडी जी अडकली ती अडकलीच. समोर अकरा बाया. दिवसभर द्राक्षबागेत थिनिंग करून आलेल्या, आमच्या पॅकिंग शेडमध्ये गोधड्या अंथरून बसलेल्या. आणि दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सध्या पुण्यात इंजिनिअरिंग करणारी मी, 'हिप्स'ला मराठीत काय म्हणतात ते आठवत हवेत हात फिरवत होते.

शेवटी मागून एक आजी म्हणाल्या, "खुबा म्हणायचंय का तुला, ताई? मग खुबा म्हण ना. एवढं लाजायला काय झालं!"

जो हशा पिकला तो मिनिटभर काही थांबला नाही. त्यात सगळ्यात मोठ्याने माझी मोठी आई हसत होती. डिसेंबर २०२४, सेमिस्टर संपल्यानंतरची सुट्टी, मुक्काम दिंडोरी. मी शिकवलेला यिन योगाचा पहिला वर्ग हा असा सुरू झाला.

थांबा, 'योगा' शब्द वाचून पान उलटू नका! मला माहीत आहे, आपल्या हॉस्टेलमध्ये योगा म्हणजे २१ जून. पहाटे रेक्टर मॅडम दारं वाजवतात, आपण बास्केटबॉल कोर्टवर अर्धवट झोपेत हात वर करतो, हजेरीच्या कागदावर सही ठोकतो आणि पोहे संपायच्या आत मेसकडे धावतो. फर्स्ट इयरला मीही तेच केलंय. हे प्रकरण जरा वेगळं आहे, आणि त्याची सुरुवात योगाने नाही, गारांनी झाली.

वर्ल्ड कपची फायनल हरून बरोब्बर एक आठवडा झाला होता. रविवार, २६ नोव्हेंबर २०२३. मी फर्स्ट इयरला, हॉस्टेलवर. संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो आला. आमचं अंगण, आणि त्यात पांढरा थर. काश्मीर वाटावं असा. दिंडोरी म्हणजे नाशिकहून वणीकडे, सप्तशृंगी गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. नाशिकपासून साधारण २५ किलोमीटर. इथे ज्याला विचाराल त्याच्याकडे द्राक्षं, नाहीतर टोमॅटो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर नोव्हेंबर अखेरीला घड नुकतेच धरलेले असतात, मणी बाजरी-ज्वारीएवढे. त्यावर गारा पडल्या की संपलं. जे घड गारांतून वाचतात ते मागाहून पाण्याने कुजतात. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात कितीतरी बागा अशा बसल्या. आमचा निम्म्याहून जास्त प्लॉट गेला.

मी फोन केला. पप्पा म्हणाले, "तू अभ्यास कर." बस्स. पुढे काहीच नाही. फोन ठेवलाही नाही आणि बोललेही नाहीत. शेवटी मीच "हो" म्हणून ठेवला.

त्यानंतर मला नुसतं बसता येईना. रात्री दोन वाजता उठून मी जर्नल रंगीत पेनांनी परत लिहायची. कपाट आवरायची. आवरलेलं कपाट परत आवरायची. मेसमध्ये सगळ्यांच्या आधी जेवून उठायची. काहीतरी करत राहिलं की बरं वाटायचं, हात थांबले की डोळ्यांसमोर अंगण यायचं. आणि कहर म्हणजे एवढी धडपड करून एम-वन राहिलाच! घरी नुकसान झालेलं असताना आपण के.टी. लावून घेतली, ही गोष्ट मी पप्पांना तीन आठवडे सांगितली नव्हती.

माझी रूममेट लातूरची. ती एक दिवस म्हणाली, "अगं, तू झोपेतसुद्धा पाय हलवतेस, मला खालच्या बेडवर भूकंप होतो. चल माझ्याबरोबर. कोथरूडला एक क्लास आहे, तिथे तासभर नुसतं पडून राहायचं असतं." लातूरच्या मुलीने भूकंपाची तक्रार केल्यावर ऐकावंच लागतं. गेले.

पहिलं आसन फुलपाखरू. तेच, तळपाय जुळवून पुढे वाकायचं. आपण शाळेत बद्धकोनासन म्हणून करतो तसंच दिसतं, पण इथे पाठ ताठ ठेवायची नाही, पाय जवळ ओढायचे नाहीत, जोर लावायचा नाही. पाठ गोल होऊ द्यायची, डोकं लोंबू द्यायचं. आणि थांबायचं. पाच मिनिटं.

पाच मिनिटं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. चाळीस सेकंदांत मी घड्याळ पाहिलं. दीड मिनिटाला नाक खाजलं. दोन मिनिटांनी मांडीच्या आतल्या बाजूला काहीतरी ओढू लागलं आणि मला वाटलं, आता आपलं काहीतरी तुटणार. तीन मिनिटांनी अंगण आलं. गारा, पप्पांचा फोन, एम-वन, फीचा हप्ता, सगळं ओळीने. आणि या वेळी उठून कपाट आवरायची सोय नव्हती! चौथ्या मिनिटाला मी रडत होते की घाम येत होता, माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "आता हळूच वर या." वर आल्यावर पाय आपले नाहीतच असं वाटलं. आणि त्या रात्री मी सलग सहा तास झोपले. रूममेट म्हणते साडेसात.

मग मी दर शनिवारी जायला लागले आणि आपल्या सवयीप्रमाणे त्याची माहिती काढायला लागले. आजीला वाटतं हे सगळं आपल्याच ऋषींचं, फक्त नाव परदेशी. ते अर्धंच खरं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे अमेरिकेत पॉली झिंक नावाचे मार्शल आर्ट्सचे शिक्षक चिनी ताओ परंपरेतले व्यायाम शिकवत होते. त्यांच्याकडे पॉल ग्रिली शिकले. ग्रिलींना शरीररचनेचं वेड, त्यांनी हाडांचा आणि सांध्यांचा अभ्यास करून या पद्धतीला आकार दिला, त्यांची विद्यार्थिनी सारा पॉवर्स हिने 'यिन' हे नाव पुढे आणलं आणि २००२ मध्ये ग्रिलींचं पुस्तक आलं. म्हणजे मूळ आसनं बरीचशी आपली, थांबण्याची पद्धत चिनी, आणि पॅकिंग अमेरिकेतलं. आमच्या द्राक्षांचं उलटं होतं, पॅकिंग इथलं आणि खाणारे तिकडचे!

यिन आणि यांग यांचा मुळातला अर्थ मला फार आवडला. यांग म्हणजे डोंगराची उन्हाची बाजू, यिन म्हणजे सावलीची. एकाच डोंगराच्या दोन बाजू. मला लगेच आमच्या तालुक्यातला रामशेज आठवला. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला आणि तो छोटासा किल्ला काही वर्षं पडलाच नाही. लढाई म्हटली की आपल्याला धावणारे घोडे आठवतात. रामशेजचे लोक मात्र जागचे हलले नाहीत. (इतिहासाच्या सरांनी ही तुलना वाचली तर माफ करावं.)

योगाच्या बाबतीत नाशिक काही मागे नाही बरं का. डॉ. विश्वास मंडलिक यांनी १९७८ मध्ये नाशिकला योग विद्या धाम सुरू केलं आणि २०१८ मध्ये त्यांना पंतप्रधान योग पुरस्कार मिळाला. माझ्या शाळेपासून हे सगळं किती जवळ होतं! पण शाळेत आम्ही एरोबिक्स करायचो, कारण ते इंग्लिशमध्ये असायचं.

आता थोडं आपल्या भाषेत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपण यूटीएमवर माइल्ड स्टीलचा रॉड ओढतो. ओढ वाढवत नेली की तो लांबतो, मग मान बारीक होते आणि फाट्! सगळे टाळ्या वाजवतात. आपलं व्यायामाचं गणित साधारण असंच असतं, जोर वाढवा. पण पुस्तकात एक छोटा मुद्दा असतो, परीक्षेला तीन मार्कांना येणारा. क्रीप. भार थोडाच, पण वेळ खूप. तुम्हाला क्रीप बघायचा असेल तर लॅबमध्ये जाऊ नका, आपल्या मजल्यावरच्या गॅलरीत जा. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी जूनमध्ये ताठ बांधलेली असते, ती दिवाळीपर्यंत झोळी होते. कुणी लोंबकळलं नाही तिला. रोजचे चार ओले टॉवेल, एवढंच.

सांध्याभोवतीचे बंध, स्नायूंवरची आवरणं यांत कोलॅजन असतं आणि तेही काही अंशी असंच वागतं. झटक्याला ताठ राहतं, हलक्या आणि दीर्घ ओढीला सैल होत जातं. म्हणून यिनमध्ये तीन ते पाच मिनिटं थांबायचं. अर्थात दोरीची उपमा फार ताणू नये. माणसाचं शरीर भार काढल्यावर बरंचसं मूळ पदावर येतं. शिवाय ताण देण्याने जी लवचिकता वाढलेली दिसते तिचा बराच भाग म्हणजे ऊती लांबत नाहीत, ती ओढ सहन करायला मेंदू सरावतो, असंही संशोधक म्हणतात. मला व्यक्तिशः हे दुसरं कारण जास्त पटतं. मांड्यांचं माहीत नाही, पण पाच मिनिटं अंगणातल्या गारांकडे बघत बसणं मला आधी जमत नव्हतं आणि नंतर जमू लागलं. पप्पांना एम-वनचं सांगितलं ते याच दिवसांत. ते म्हणाले, "बरं. परत दे." मी तीन आठवडे ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

सेकंड इयरच्या सुरुवातीला मॅडमनी विचारलं, शिकवायचा कोर्स करतेस का? पन्नास तासांचा, शनिवार-रविवार. फी मी फर्स्ट इयरच्या मुलींच्या ड्रॉइंग शीट काढून देऊन जमवली. (हे वाक्य ग्राफिक्सच्या सरांनी वाचू नये.) मला वाटलं, करता येतं म्हणजे शिकवता येणारच. माझं इंग्लिश चांगलं, आवाज खणखणीत, आणि शाळेत वक्तृत्वाचे कप मिळवलेले.

शेवटी प्रात्यक्षिक होतं. वर्गमैत्रिणींना पंधरा मिनिटं शिकवायचं. मी असं शिकवलं की विचारू नका! प्रत्येक आसनाचं संस्कृत नाव, इंग्रजी नाव, फायदे, श्वास, मन, नदी, ढग, समुद्रकिनारा... मॅडम शांतपणे ऐकून म्हणाल्या, "छान. आता मला सांग, त्यांना पाच मिनिटं शांतता कधी मिळाली?" मला काही उत्तर देता आलं नाही. नंतर त्यांनी मला त्याच आसनात सगळ्यांना ठेवून पाच मिनिटं एक शब्दही न बोलता समोर बसायला लावलं. स्वतः करताना जेवढं अवघड गेलं होतं त्याच्या दुप्पट अवघड हे होतं. समोरचे लोक अस्वस्थ होतात, हलतात, उसासे टाकतात, आणि आपल्याला वाटतं आता आपण काहीतरी केलंच पाहिजे. गप्प बसणं ही नालायकी वाटते. सर्टिफिकेट मिळालं, पण त्यावर माझं मन काही बसेना.

आणि मग डिसेंबर. घरी थिनिंग चालू होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षाच्या घडात मणी दाटीने येतात, ते तसेच वाढू दिले तर एकमेकांना दाबून बारीक राहतात, म्हणून छोट्या कात्रीने जास्तीचे मणी काढून घड मोकळा करायचा. प्रत्येक घड. वेल मांडवावर असतो, म्हणजे हात कायम खांद्यांच्या वर आणि मान मागे टाकलेली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ही कामं करायला सुरगाणा, पेठ भागातून टोळ्या येतात आणि गावातल्याही बाया असतात. मोठी आई स्वतः त्यांच्याबरोबर उभी असते. संध्याकाळी सगळ्या मान चोळत शेडमध्ये चहाला बसायच्या. तिथे मी उत्साहाने म्हटलं, मी तुम्हाला एक शिकवते.

'हिप्स'चं काय झालं ते सांगितलंच. पण खरी गंमत पुढे झाली. कोर्समध्ये आम्हाला पढवलं होतं की शिकवताना सतत विचारा, 'डल एक' आहे की 'शार्प पेन'? पहिलं चालतं, दुसरं आलं की ताबडतोब बाहेर या. हे मराठीत कसं सांगायचं? मी म्हटलं, "बोथट दुखतं का, की धारदार दुखतं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. जणू मी विळ्याबद्दल बोलते आहे. मोठी आई म्हणाली, "अगं, रग लागली का कळ निघाली, असं विचार ना!"

रग आणि कळ! काय सुंदर शब्द आहेत हे, आणि दोन्ही मला माहीत असून आठवले नव्हते. हात वर धरून धरून खांद्यात भरून येते ती रग. पाय चुकीचा पडला की सण्णकन जाते ती कळ. रग लागलेली माणूस सोसतो, कळ आली की ओरडतो. हा फरक शिकायला मी पन्नास तास आणि ड्रॉइंगच्या कितीतरी शीट खर्च केल्या होत्या, आणि या बायांना तो जन्मापासून माहीत होता. मग मी वहीच काढली. खांद्याच्या मागच्या पात्याला खवाटा. पाठ धरते ती उसण. मान अवघडते, पोटरीत गोळा येतो, पायाला मुंग्या येतात. इंग्लिशमधल्या एका 'पेन'ला इकडे घरभर भावंडं!

बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे. त्यांना मराठी परकी होती. माझी तर घरची भाषा, आणि तरी माझी ही गत. अय्यंगारांची एक गोष्ट मात्र मी उचलली. घडीच्या चादरी, विटा, खुर्च्या, दोर, असं घरातलं काहीही घेऊन शरीराला आधार द्यायची त्यांची पद्धत. आमच्याकडे काय होतं? गोधड्या आणि द्राक्षाचे क्रेट. पाय लांब करून बसायचं, मांडीवर क्रेट आडवा, त्यावर गोधडीची घडी आणि तिच्यावर कपाळ. दिवसभर मागे टाकलेली मान पाच मिनिटं पुढे सोडायची. तिसऱ्या दिवशी दोघी चक्क घोरायला लागल्या. वर्गाचं नाव पडलं, 'झोपायचा क्लास'.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी मी माती खाल्ली.

फुलपाखरात मोठी आईचा उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वरच राहायचा. डावा खाली, उजवा वर. माझ्यातली टॉपर जागी झाली. वर्गातला एक गुडघा वर म्हणजे रिझल्ट शंभर टक्के नाही! मी तिच्या मागे बसले आणि "सोड, सोड, जाऊ दे खाली" म्हणत तळहाताने गुडघा दाबला. हळूच दाबला, पण बराच वेळ दाबला. (क्रीप!) तिने ओठ घट्ट मिटले होते. बोलली काहीच नाही. पुतणी एवढी पुण्याहून शिकून आलेली, सगळ्या बायांसमोर तिला कशाला खाली बघायला लावायचं, एवढाच विचार तिने केला असणार.

रात्री तिला जिना चढता येईना. सकाळी गुडघा सुजलेला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर मांडी घालायची नाही आणि उभं राहायचं काम नाही. ऐन थिनिंगमध्ये. तिच्या वाटच्या ओळी दुसऱ्यांनी ओढल्या, आणि ती ओट्यावर पाय लांब करून, मला वाईट वाटू नये म्हणून, "हा जुनाच आहे गं" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसली.

मी मॅडमना मेसेज केला. उलट उत्तर आलं, "त्या काय म्हणाल्या, दुखतंय म्हणाल्या?" मी लिहिलं, "मी विचारलंच नाही." बराच वेळ काही आलं नाही. मग हाडांचे फोटो आले. दोन वेगवेगळ्या माणसांची मांडीची हाडं, शेजारी शेजारी ठेवलेली. कोर्समध्ये हे दाखवलं होतं, मी पाठही केलं होतं. हाडाची मान आणि दांडा यांतला कोन सरासरी १२५ अंशांच्या आसपास, पण माणसागणिक कमी-जास्त. खुब्याची वाटी कुणाची पुढे वळलेली, कुणाची बाजूला. काहींचा गुडघा खाली जात नाही तो स्नायू आखडलेत म्हणून नाही, खुब्यात हाडाला हाड लागतं म्हणून. तिथे तुम्ही वर्षभर बसा नाहीतर दाबा, हाड काही मऊ होत नाही. मग दाबलेला सगळा जोर जातो कुठे? गुडघ्यावर. लांब दांडा, एका टोकाला अडकलेला, दुसऱ्या टोकाला भार. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं साधं गणित! मी ते पेपरमध्ये बरोबर सोडवलं होतं आणि मोठी आईच्या पायावर चुकवलं.

संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसून माफी मागितली. रडलेही. ती म्हणाली, "मला कळ निघाली होती. मी सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मी विचारायला पाहिजे होतं." मग ती म्हणाली, "बरं, आता निलगिरी लाव," आणि मी लावली.

वर्ग मी बंद केला. दोन दिवस शेडकडे फिरकलेच नाही. तिसऱ्या दिवशी सहा वाजता दारात त्या खुबावाल्या आजी उभ्या. "ताई, आज नाही का झोपायचं?" मी म्हटलं, मोठी आईचं बघितलं ना काय झालं ते. आजी म्हणाल्या, "मग दाबू नको. आम्ही काय कणीक आहे का?"

त्यानंतर मी कुणालाही हात लावला नाही. गोधडी सरकवून दिली, क्रेट उंच-खाली करून दिला, आणि प्रत्येकीला एकच विचारलं, "रग का कळ?" रग म्हटलं तर थांब, कळ म्हटलं तर बाहेर ये. बाकी गप्प. कुणाचा गुडघा वर, कुणाचा खाली, कुणी पुढे वाकलीच नाही, नुसतीच बसली. मी मधल्या क्रेटवर बसून फक्त वेळ बघत होते, आणि या वेळी मला काही करावंसं वाटत नव्हतं. शेडच्या पत्र्यावर संध्याकाळी गार होताना टक् टक् आवाज होतो. तो मी पहिल्यांदा ऐकला.

टोळीत एक मुलगी होती, सुरगाण्याकडची. माझ्यापेक्षा वर्षाने लहान आणि दोन मुलांची आई. ती फुलपाखरात कधीच डोळे मिटायची नाही. एकदा मी विचारलं, तुला आवडतं का हे? ती म्हणाली, "इथं पाच मिनिटं कोणी काही सांगत नाही." एवढं बोलून क्रेट उचलून जागेवर ठेवायला गेली. ख्रिसमसनंतर आमचं थिनिंग संपलं, टोळी पिकअपमध्ये बसून पुढच्या गावाला गेली. तिचा नंबर मी घेतला नव्हता.

पप्पा हे सगळं शेडच्या दारातून बघायचे, क्रेट मोजायच्या निमित्ताने. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री जेवणानंतर मला म्हणाले, "हे झोपेसाठी चालतं का?" त्या गारांनंतर त्यांना नीट झोप नव्हती हे मला तेव्हा कळलं. वर्ष उलटून गेलं होतं. आम्ही दोघंही रात्री दोन वाजता जागे असायचो, ते दिंडोरीत आणि मी पुण्यात, आणि दोघंही एकमेकांना फोनवर "झोपले होते" म्हणायचो.

मी त्यांना भिंतीला पाठ टेकवून बसवलं, कारण पाठीचा त्रास. दोन्ही गुडघ्यांखाली गोधड्या. म्हटलं, काही करायचं नाही. ते म्हणाले, "मग जमतंय." तीन मिनिटं झाली असतील नसतील, ओट्यावरचा बल्ब पेटला. शेतीची लाईट रात्रपाळीला आली होती. पप्पा ताडकन उठले, "मोटर चालू करून येतो," आणि बॅटरी घेऊन गेले ते गेलेच. मी गोधड्यांच्या घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "काल किती झालं?" तीन मिनिटं दहा सेकंद, मी सांगितलं.

आता आपल्या हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बुधवारी रात्री साडेनऊला आम्ही सात-आठजणी बसतो. सबमिशनच्या आठवड्यात वीस होतो. ज्यांना यायचं त्यांनी यावं, येताना आपापली चादर आणावी, उशी असल्यास उत्तम. क्रेट मिळणार नाहीत, दिंडोरीहून एसटीत आणता येत नाहीत. गुडघा जुना दुखत असेल, कमरेचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून या, आणि मलाही सांगा. मी दाबत नाही.

मागच्या रविवारी घरी फोन केला. थिनिंग, पाणी, भाव, सगळं बोलून झाल्यावर पप्पा म्हणाले, "काल तुझं ते फुलपाखरू केलं. लाईट अकराला येणार होती, तोवर."

"रग लागली?"

"लागली ना."

"कळ?"

"नाही."

मग आम्ही दोघंही काही बोललो नाही. फोन चालूच होता. मागे मोठी आई कुणाला तरी चहा टाक म्हणत होती, ते ऐकू येत होतं.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी